पसंतीक्रमाचा पेच

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदार-खासदार पसंतीक्रम देतात. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं नसली, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी असेच दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत जिंकले.

याच पद्धतीनं २००९ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरानं महापौर निवडला. पहिल्या पसंतीत कर्ट राइट पुढे, बॉब किस दुसरे, अँडी माँट्रोल तिसरे. माँट्रोल बाद झाले, किस विजयी ठरले. पण मतपत्रिका सांगत होत्या, की समोरासमोर माँट्रोल यांनी दोघांनाही हरवलं असतं! आणखी गंमत म्हणजे, राइट यांच्या पुरेशा समर्थकांनी किस यांना पहिली पसंती दिली असती, तर राइट बाद होऊन किस माँट्रोलकडून हरले असते. मतं वाढूनही पराभव!

मग फक्त जोडीजोडीच्या लढती मोजाव्यात? तिथं अ हरवतो ब-ला, ब हरवतो क-ला आणि क हरवतो अ-ला, असं चक्र होऊ शकतं. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ च्या ग्रंथात सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक उमेदवार असताना रास्त वाटणाऱ्या मोजक्या अटीसुद्धा कोणतीही पसंतीक्रम पद्धत एकाच वेळी पाळू शकत नाही. म्हणून पद्धत निवडताना कोणती अट सोडायची, हेही ठरवावं लागतं.