नदीच्या तळाचा हिशेब



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणत आलो. मूळ एक वेळ राहू द्या. पण शहरातील नदीचा तळ शोधल्यावाचून आता आपल्याला गत्यंतर नाही. त्या गाळात बसलेल्या पाऱ्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

सांडपाण्यातून आलेला पारा मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो. वरचे पाणी निवळ दिसते, आणि आपण समाधान मानतो. परंतु प्राणवायू नसलेल्या गाळात काही सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पारा या जहाल विषात रूपांतर करतात. ते किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्या माशांत जाते, आणि पायरीगणिक त्याचे प्रमाण वाढते. शेवटची पायरी म्हणजे आपले ताट!

जपानातील मिनामाता येथे १९५६ साली या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. हातपाय बधिर झाले, दृष्टी आकुंचित झाली. वरकरणी धडधाकट मातांच्या पोटीही मेंदूला इजा झालेली मुले जन्मली. तेथील कारखान्याने पारा सोडणे १९६८ साली थांबवले. तेवढ्याने भागले काय? नाही. उपसागरातील गाळ उपसून बंदिस्त करण्याचे काम १९७७ ते १९९० चालले, आणि मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेले जाळे निघाले १९९७ साली. म्हणजे सांडपाणी थांबल्यावरही २९ वर्षे!

हे दूरचे वाटेल. परंतु अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण यांना लागून वाहणाऱ्या आपल्या उल्हास नदीच्या खाडीतील गाळातही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पारा आढळला आहे. कॉस्टिक सोडा करण्याची पाऱ्याची जुनी पद्धत आपल्याकडे मागे पडली. पण पद्धत गेली म्हणून गाळ जात नाही. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला, हे चांगलेच झाले. तथापि करार नदीत उतरून गाळ तपासत नाही.

म्हणून नदी सुशोभित करण्याची, गाळ उपसण्याची योजना पुढे आली की आपण तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. उपसण्यापूर्वी गाळ तपासला काय? ढवळल्याने सुटणारे विष कसे आवरणार? आणि उपसलेला गाळ कोणाच्या शेतात, कोणाच्या दारात टाकणार? तपासणीचा निकाल खाडीवर पोट असलेल्या आपल्या कोळी बांधवांना आधी, आणि मराठीतून, कळला पाहिजे. एवढे मागणे नागरिक या नात्याने आपले कर्तव्यच आहे.