साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला लेखक

परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. ‘अमेरिकेतील अल्पसंख्याक : साहित्य, शिक्षण आणि माध्यमे’ या यंदाच्या विषयावरचा आढावा छापून सर्वांच्या हाती दिलेला आहे. तो सवडीने वाचावा. आजचा वेळ प्रस्तुत वक्ता एकाच तक्रारीसाठी मागून घेत आहे. ती बोलून दाखवायची संधी त्याला फार उशिरा मिळाली.

कृष्णवर्णीय, मूलनिवासी, चिकानो, चिनी आणि जपानी वंशाच्या अमेरिकन लेखकांची पुस्तके आज आपल्याकडेही अभ्यासक्रमात आहेत. त्यासाठी आधीच्या पिढीतल्या अनेकांनी अभ्यास मंडळांत भांडणे केली. पण ती पुस्तके वाचली कशी जातात? साक्ष म्हणून. लेखकाला पिंजऱ्यात उभे करायचे, ‘तुझ्यावर काय गुदरले ते सांग’ म्हणायचे, आणि त्याने गोष्ट कुठून उचलली, कुठे तोडली, कोणाच्या तोंडून सांगितली याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. हेमिंग्वेच्या एका वाक्यावर तासभर बोलणारे आपण राल्फ एलिसनच्या कादंबरीत शिरतो ते वंशभेदाच्या कायद्यांची टिपणे घेऊन. हा त्या लेखकांवरचा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यांत त्यांच्या बाजूने बोलणारेच अधिक आहेत.

ही खोड नवी नाही. 1773 मध्ये फिलिस व्हीटली या गुलाम मुलीचा कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला, तेव्हा त्यासोबत बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी सही केलेले प्रशस्तिपत्र जोडावे लागले. या कविता हिनेच लिहिल्या आहेत, एवढेच त्यात म्हणायचे होते. सह्या करणाऱ्यांत गव्हर्नर थॉमस हचिन्सन होते, जॉन हॅनकॉकही होते. 1845 मध्ये गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे आत्मचरित्र आले ते विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र पुढे घालून. डग्लस गुलामीविरोधी सभांतून बोलू लागला तेव्हा त्याने फक्त घडले ते सांगावे, अर्थ लावायला गोरे सहकारी आहेत, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती. या वागणुकीबद्दलची चीड त्याने 1855 च्या दुसऱ्या आत्मचरित्रात स्पष्ट नोंदवली आहे. विचार करणारा माणूस त्यांना नको होता, पाठीवरचे वळ दाखवणारा हवा होता.

पुढे काळ बदलला, सह्यांची जागा बाजाराने घेतली. रिचर्ड राइटचे ‘ब्लॅक बॉय’ 1945 मध्ये प्रसिद्ध झाले. हस्तलिखिताचे दोन भाग होते. पहिला दक्षिणेतल्या बालपणाचा, दुसरा उत्तरेत शिकागोला गेल्यावर काय झाले त्याचा. पुस्तक सदस्यांना पाठवायला तयार असलेल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ला दुसरा भाग नको होता. तो कापला गेला. त्यामुळे 1945 चे पुस्तक संपते ते मुलगा उत्तरेकडे निघाला आहे, अशा ठिकाणी. लेखकाने रचलेली उतरण गेली, तिच्या जागी आशेचा शेवट आला. वगळलेला भाग ‘अमेरिकन हंगर’ या नावाने 1977 मध्ये आला, राइटच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, आणि दोन्ही भाग एकत्र यायला 1991 उजाडले. दक्षिणेतल्या छळाची साक्ष खपत होती. उत्तरेतही माणूस कसा एकटा पडतो, हे राइटला सांगायचे होते, आणि त्यासाठी त्याने दोन भागांचा तोल साधला होता. तो तोल बाजाराने मोडला. आपल्या विद्यापीठांतून आजही बहुधा तुटकाच ‘ब्लॅक बॉय’ शिकवला जातो, आणि उरलेले अर्धे पुस्तक आहे हे मुलांना सांगितलेही जात नाही.

सकाळच्या सत्रात ‘द वुमन वॉरियर’वरून चांगलीच जुंपली. मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांचे हे पुस्तक 1976 चे. भुते, दंतकथेतली योद्धी, आईच्या गोष्टी यांनी भरलेले. ते प्रसिद्ध झाले मात्र ललितेतर म्हणून, आणि त्याला समीक्षकांचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच वर्गात मिळाला. चिनी-अमेरिकन लेखक फ्रँक चिन यांनी हल्ला चढवला की हा चिनी परंपरेचा विपर्यास आहे. निबंधवाचकांपैकी निम्मे चिन यांच्या बाजूचे होते, निम्मे किंग्स्टन यांच्या. प्रस्तुत वक्त्याला दोन्ही बाजू एकाच चौकटीत अडकलेल्या दिसतात. पुस्तक चिनी समाजाविषयी खरे सांगते की खोटे, एवढाच प्रश्न दोघे विचारतात. किंग्स्टन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, प्रत्येक वेळी ‘असेही असेल’ म्हणून तपशील बदलतात. आईने निम्मे सांगितले आणि निम्मे दडवले, म्हणून मुलीला उरलेले रचावे लागते. तिची शैली तिथून जन्मते. त्यावर दोन तासांच्या चर्चेत कोणी बोलले नाही.

टोनी मॉरिसन यांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. रँडम हाउसमध्ये संपादक असताना त्यांनी ‘द ब्लॅक बुक’ हा जुन्या कात्रणांचा ग्रंथ 1974 मध्ये सिद्ध केला. त्यातल्या मार्गारेट गार्नरच्या हकीगतीतून 1987 ची ‘बिलव्हेड’ उगवली. गार्नर 1856 मध्ये केंटकीहून ओहायोत पळून आली. पकडणारे दारात आले तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला ठार केले. कायद्याने तिला पुन्हा गुलामीत पाठवले. कादंबरीतली सेथी मात्र परत जात नाही. ती तुरुंगातून सुटून सिनसिनाटीतल्या त्याच घरात राहते, आणि मेलेली मुलगी तिला शोधत येते. साक्ष म्हणून तपासली तर ‘बिलव्हेड’ खोटी ठरेल. मॉरिसन यांनी गार्नरच्या चरित्राचा पाठपुरावा जाणूनबुजून फारसा केला नाही, कारण त्यांना घडलेल्यापलीकडचे काहीतरी रचायचे होते. कादंबरीचे तिन्ही भाग घराच्या क्रमांकाने, 124 ने, सुरू होतात. ते घर तिन्ही वेळा निराळ्या मनःस्थितीत असते. हे वर्गात दाखवायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे काढायची कोणी?

माध्यमांवरच्या सत्राविषयी थोडक्यात. ऑगस्ट 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली तेव्हा ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आत पाठवला तो जाहिरात विभागातला कृष्णवर्णीय तरुण, रॉबर्ट रिचर्डसन. सार्वजनिक फोनवरून त्याने पाहिलेले कळवले. पुढच्या वर्षी दंगलीच्या वार्तांकनाला पुलित्झर मिळाले. 1968 मध्ये दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने वृत्तपत्रांना कृष्णवर्णीय पत्रकारांच्या कमतरतेबद्दल फटकारले. 1978 मध्ये संपादकांच्या संघटनेने उद्दिष्ट ठरवले की 2000 पर्यंत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येइतके असावे. जमले नाही, मुदत 2025 पर्यंत लांबवली गेली. संख्या वाढायलाच हवी, यात दुमत नाही. पण प्रश्न रिचर्डसनचाही तोच आहे, जो डग्लसचा होता. आत जाऊन पाहायचे त्याने, मग अग्रलेख कोणाचा?

शिक्षणाचा वाद आपण सगळे जाणता. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 1968 पासून जवळजवळ पाच महिने संप केला, तेव्हा वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय मिळाले. त्या मुलांपुढे वक्ता नतमस्तक आहे. ॲरिझोनात 2010 च्या कायद्याचा आधार घेऊन टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम 2012 मध्ये बंद पाडला, पुस्तके वर्गांतून उचलून नेली. 2017 मध्ये न्यायाधीश वॉलेस टशिमा यांनी निकाल दिला की यामागे वांशिक आकस होता. टशिमा स्वतः लहानपणी महायुद्धकाळातल्या जपानी-अमेरिकनांच्या छावणीत राहिलेले. निकाल योग्यच होता. पण त्या साऱ्या वर्षांत चर्चा झाली ती देशनिष्ठेची, द्वेषाची आणि परीक्षेतल्या गुणांची. स्टॅनफर्डमधला 1988 चा पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमाचा वाद असो, नाहीतर अमेरिकन साहित्याच्या 1990 च्या ‘हीथ’ संकलनाचा, दोन्ही पक्ष नावे मोजत होते. यादीत कोण आहे, कोण नाही. यादीत आलेल्याचे पुढे काय होते, हे कोण पाहणार?

काय होते, ते एका मौखिक परीक्षेत दिसले. विषय होता सँड्रा सिस्नेरोस यांचे 1984 चे ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’. उमेदवाराला शिकागोतल्या लॅटिनो वस्तीची आकडेवारी तोंडपाठ होती. पुस्तकात चव्वेचाळीस छोटी प्रकरणे आहेत, काही अर्ध्या पानाची, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे वाचता येते. ती इतकी छोटी का, असे विचारल्यावर तो गप्प झाला. मार्गदर्शकांनी पटकन सांगितले की हा प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा आहे. प्रबंध मंजूर झाला. तो प्रश्न कक्षेबाहेरचा ठरवणारी कक्षा कोणी आखली, हे विचारण्याचे धैर्य त्या दिवशी कोणीच दाखवले नाही, आणि म्हणून आज विचारावे लागत आहे.

काल रात्री जेवणानंतर दुसरा वाद रंगला. ज्या समाजाचे साहित्य, त्या समाजाच्याच माणसाने ते शिकवावे का? उत्तर तात्त्विक चर्चेतून नाही, एका प्रसंगातून निघेल. मराठवाड्यातल्या एका वर्गात एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’ चालली होती. एका विद्यार्थिनीचे आईवडील ऊसतोडीला जात. वर्गातल्या काहींनी तिला सुचवले की तुझा अनुभव सांग, म्हणजे आम्हाला निवेदक कळेल. ती नाही म्हणाली. ती म्हणाली, ‘सर, त्याची बॅग बघा.’ निवेदकाला बक्षीस म्हणून मिळालेल्या चामडी बॅगेत प्रकरणागणिक एकेक वस्तू येते. शाळेचे प्रमाणपत्र, फुटलेल्या गल्ल्याचे तुकडे, साखळीची कडी, नाच करणारी बाहुली, नवे नाव लिहिलेली चिठ्ठी. शेवटी जमिनीखालच्या अंधारात उजेडासाठी तो त्यातले कागद एकेक करून जाळतो. तिने वहीत दोन स्तंभ आखले होते, काय जळले आणि काय उरले. वर्गाने पुढे संपूर्ण कादंबरी त्या वहीवरून वाचली. तिने आपले दुःख दिले नाही, आपली नजर दिली. तिच्याकडून फक्त दुःख मागणारे तिच्यावर काय अन्याय करत होते, हे त्यांना तेव्हा कळले असावे.

हे सारे महाराष्ट्रात बोलण्याला कारण आहे. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच ओकलंडची ब्लॅक पँथर होती. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्य मराठीत आणले. म्हणजे धागा दीडशे वर्षांचा आहे. आणि आपण आपल्या घरी काय केले? 1978 चे ‘बलुतं’ आपण विदारक, दाहक, प्रामाणिक म्हणून गौरवले. दया पवारांनी तिथे शिकलेल्या स्वतःसमोर दगडूला बसवून त्याला बोलते केले आहे. एकाच माणसाचे दोन भाग करून एकाला सांगणारा आणि दुसऱ्याला ऐकणारा करणे ही मोठी रचना आहे. तिच्यावर प्रामाणिकपणाइतकी शाई आपण खर्च केली का? समीक्षकाने एखाद्या पुस्तकाला ‘अनुभवाचे शब्दांकन’ म्हटले की प्रस्तुत वक्त्याला संताप येतो, आणि तो लपवण्याची त्याला आज गरज वाटत नाही.

तक्रारीबरोबर कामेही सुचवली पाहिजेत. प्रश्नपत्रिकांत ‘समाजजीवनाचे चित्रण’ या प्रश्नाबरोबर निदान एक प्रश्न निवेदनावर असावा. रचनेच्या अंगाने लिहिलेल्या लेखांचा एक मराठी संग्रह व्हावा. तो एलिसन, मॉरिसन आणि मूलनिवासी लेखक मोमाडे यांच्यावर असावा, इतरांची नावे पुढे ठरतील. संपादन कोणी करायचे, पैसा कुठून आणायचा, हे दुपारच्या बैठकीत बोलता येईल. अनुवादाचे काम मात्र थांबू नये, आणि त्या यादीत पहिले नाव आत्ताच घालावे अशी विनंती आहे : जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’. जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 जणांना छावण्यांत डांबणाऱ्या देशासाठी सैन्यात जायला नकार देऊन दोन वर्षे तुरुंगात काढलेला इचिरो सिॲटलला परततो, तिथून ती सुरू होते. 1957 मध्ये तिच्या 1,500 प्रती निघाल्या. त्याही ओकाडा 1971 मध्ये वारले तोवर संपल्या नव्हत्या. काही तरुण आशियाई-अमेरिकन लेखकांनी ती शोधून काढली आणि 1976 मध्ये स्वतः पुन्हा छापली. सभागृहात सिॲटलविषयी, छावण्यांविषयी माहिती असलेले पुष्कळ असतील. इचिरोच्या मनातली ती लांबच लांब, अडखळत स्वतःशी भांडणारी वाक्ये मराठीत कशी उभी राहतील, यावर ज्यांना काम करावेसे वाटते त्यांनी आपली नावे चहाच्या वेळात परिषदेच्या कार्यवाहांकडे द्यावीत.