लीलाबाईंच्या घरात

मागच्या बैठकीत हिशेब लवकर उरकला, म्हणून आम्ही मोबाईल डब्याला टेकवून ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. १९८८ चा हा सिनेमा. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. आमच्या बायकांना तो अर्धाअधिक पाठ आहे. एखादीचा हप्ता थकला की कुणीतरी ते सत्तर रुपये काढतंच!

पुण्यात खोली मिळेना म्हणून चौघं जण युक्ती करतात. लीलाबाई काळभोरांना जोडपीच भाडेकरू हवी असतात. मग सुधीरची होते सुधा आणि परश्याची पार्वती. पदर सावरताना, डोहाळजेवणाला बसताना त्यांची जी तारांबळ उडते, ती बघून आम्ही डोळे पुसेपर्यंत हसलो. आपण रोज करतो ते पुरुषांना करून बघावं लागतंय, याचीच जास्त गंमत. शिवाय मनात भरलेली मुलगी समोर, आणि आपण साडीत! खरं सांगावं तर घर जातं, न सांगावं तर प्रेम जातं. सगळा सिनेमा या पेचावर उभा आहे, म्हणून तो शिळा होत नाही.

सिनेमा संपला तशी आमच्यातली एक ताई म्हणाली, “त्यांना साडी नेसून तरी खोली मिळाली. माझ्या लेकीनं काय नेसावं?” तिची मुलगी तालुक्याला नर्सिंग शिकते. तीन ठिकाणी ‘एकट्या मुलीला खोली नाही’ असं ऐकून ती परत आली होती. आम्ही गप्पच झालो.

मग आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत गेलो, दारोदार विचारलं. शेवटी एका आजींनी खोली दिली. घर त्यांच्याच नावावर, त्यामुळे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. लीलाबाईंचंही तसंच नाही का? घर त्यांचं, म्हणून शब्द त्यांचा. चार तरणेताठे पुरुष त्यांच्यापुढे वाकतात ते उगीच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, सिनेमा पुन्हा बघा, पोटभर हसा. आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर आपलं नाव आहे का, ते बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घेऊ.