कणांच्या पाण्याचें कातडें

चित्रपटांत खवळणारा समुद्र पुष्कळदां संगणकाच्या उदरांतच जन्मलेला असतो. तेथें पाणी म्हणजे लक्षावधि सुटे कण. प्रत्येकाची गति गणितानें ठरते. अशी एक रीत १९७७ सालीं ताऱ्यांच्या अभ्यासासाठीं निघाली. पण कणांचा ढीग म्हणजे पाणी नव्हे. त्यावर उजेड चमकावा, तर त्रिकोणांच्या जाळीचें अखंड कातडें हवें.

जिम ब्लिन यांनीं १९८२ सालीं बिंदूभोंवतीं विरळ होत जाणारें वलय कल्पिलें आणि वलयांच्या बेरजेंतून पृष्ठभाग काढला. लॉरेन्सन व क्लाइन यांनीं १९८७ सालीं अवकाशाचे लहान घन पाडून त्यांत त्रिकोण बसविले. हेतु वैद्यकीय चित्रांचा होता. तरी शांत तळें मोदकांच्या ताटासारखें दिसे! असा एक उंचवटा दिसला कीं प्रेक्षकाचा विश्वास उडालाच. वलय मोठें करावें, तर खळगे बुजतात, पण कातडें सैल होतें आणि बारीक धारा फुगतात. खरी मेख हीच.

झू व ब्रिडसन यांनीं २००५ सालीं शेजारच्या कणांची सरासरी घेतली. यू व टर्क यांनीं २०१० सालीं गोल वलयच बदललें : पृष्ठावर तें भाकरीसारखें चपटें, धारेंत लांबट. हा उपाय अधिक मार्मिक. कातडें अंगाबरोबर बसूं लागलें. मात्र हा हिशेब प्रत्येक चित्रासाठीं नव्यानें करावा लागतो, आणि चित्रपटाच्या एका सेकंदांत चित्रें असतात २४.