पुरेसे पाणी : आरोग्याचा पहिला आधार



पाण्याला आपल्या भाषेत 'जीवन' असा पर्यायी शब्द आहे. दारी आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवावे, चैत्र-वैशाखात वाटसरूंसाठी पाणपोई घालावी, या प्रथा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आलेल्या आहेत. दुसऱ्याची तहान भागविण्याविषयी इतका जागरूक असणारा समाज स्वतःच्या शरीराला रोज लागणाऱ्या पाण्याविषयी मात्र पुष्कळदा बेफिकीर असतो. शेतावर जाणारा माणूस भाकरी बांधून घेण्यास विसरत नाही. पण पाण्याची कळशी बांधावरच्या झाडाखाली राहते आणि भर उन्हात तो चार-चार तास तिच्याकडे वळत नाही. संध्याकाळी डोके दुखते, लघवीला जळजळ होते, तेव्हा 'उन्हाळी लागली' एवढे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. वस्तुतः ती शरीराने दिलेली सूचना असते.

शरीरातील पाण्याचा हिशेब

प्रौढ मनुष्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. तान्ह्या बालकात तर हे प्रमाण सुमारे पाऊणपट भरते. रक्त वाहते राहणे, अन्नाचे पचन होणे, घामाच्या द्वारे शरीर थंड राहणे, ही सर्व कार्ये पाण्यावर अवलंबून आहेत. मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सर्व शरीराला परत देतात आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर टाकतात. श्वास व त्वचा यांच्यावाटे नकळत जाणारे पाणी पाऊण लिटरच्या घरात असते. घाम येतो तो याखेरीज. जेवढे गेले तेवढे परत आले पाहिजे, हा साधा हिशेब होय. वजनाच्या २ टक्क्यांइतके पाणी कमी झाले तरी काम करण्याची शक्ती घटू लागते.

मग रोज पाणी किती प्यावे? 'आठ पेले' हे उत्तर सर्वतोमुखी झाले आहे. तथापि सर्वांना सरसकट लागू पडेल असा आकडा शास्त्रात नाही. अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये दिवसाला अडीच लिटरचे प्रमाण सांगितले होते; परंतु त्यातील बराचसा भाग अन्नातूनच मिळतो, हे त्याच ठिकाणी नमूद केलेले वाक्य मागे पडले आणि आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये पुरुषांस अडीच व स्त्रियांस दोन लिटर हे प्रमाण दिले. तेही अन्नातील पाणी धरून आणि समशीतोष्ण हवेसाठी आहे. भात, वरण, ताक, आंबील, काकडी, कलिंगड यांतूनही शरीरास पाणी मिळत असते. आपल्याकडील हवामान लक्षात घेता बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढाने दिवसभरात आठ-दहा पेले पाणी थोडे थोडे करून प्यावे, हा अंदाज व्यवहारास पुरेसा आहे. खरी कसोटी ज्याची त्याच्यापाशीच असते. लघवीचा रंग फिकट पिवळसर असेल तर पाणी पुरेसे समजावे. तो गडद असेल व लघवी कमी होत असेल तर पाणी वाढवावे. मुतखडा होऊन गेलेल्या व्यक्तीस तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्याचा सल्ला वैद्यकीय तज्ज्ञ देतात.

उन्हातील श्रम आणि पाणी

विदर्भात व मराठवाड्यात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा हा हिशेब पार बदलतो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तहान लागेपर्यंत थांबल्यास शरीर अगोदरच मागे पडलेले असते. यास्तव अशा कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घेणे हितावह ठरते. घामावाटे मीठही जात असल्याने दुपारच्या भाकरीबरोबर मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा कोकम सरबत घेण्याची आपल्याकडील रीत शास्त्राला धरूनच आहे.

पाण्याच्या अभावाचे परिणाम केवळ त्या दिवसापुरते राहत नाहीत. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर व निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणारे हजारो तरुण मजूर मूत्रपिंडाच्या दीर्घ विकाराने दगावले. भर उन्हातील अतिश्रम आणि शरीराचे वारंवार होणारे शोषण हे या विकाराचे एक प्रमुख कारण असावे, असे संशोधकांचे मत आहे. तेथे पाणी, विश्रांती व सावली या तीन गोष्टी कामाच्या जागीच पुरविण्यास प्रारंभ झाल्यावर मजुरांच्या मूत्रपिंडांना पोहोचणारी इजा कमी झाल्याचे दिसून आले. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दर हंगामात लाखो ऊसतोडणी कामगार बाहेर पडतात. ज्या महाराष्ट्रात हे घडते, त्या महाराष्ट्राने हा धडा लक्षपूर्वक वाचावयास हवा.

स्त्रियांची अडचण

उसाच्या फडात, बांधकामावर, बाजारात किंवा बंदोबस्तावर दिवसभर राबणारी स्त्री पुष्कळदा जाणूनबुजून पाणी पीत नाही. तिला तहान लागत नाही असे नव्हे. जाण्यास आडोसा नाही, म्हणून ती तहान मारते. शाळेत स्वच्छतागृह नसेल किंवा त्याला कुलूप असेल तर मुलीही हेच करतात. लघवी तुंबवून ठेवणे व पाणी कमी पिणे यांतून मूत्रमार्गाचे विकार जडतात आणि संकोचामुळे ते सांगितलेही जात नाहीत. अशा स्त्रीस 'पाणी भरपूर प्या' असा उपदेश करणे व्यर्थ होय. कामाच्या ठिकाणी व शाळेत स्वच्छ, पाणी असलेले स्वच्छतागृह उभे राहणे हीच तिच्या बाबतीत पाणी पिण्याची पहिली अट आहे. पिण्याचे पाणी ही कामाच्या जागेची गरज आहे, हे तत्त्व कायद्याने फार पूर्वीच मान्य केले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात त्याची तरतूद होती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमानेही कामाच्या जागी पिण्याचे शुद्ध पाणी आणि सावली पुरविण्याचे बंधन घातले होते.

मुले खेळण्याच्या नादात पाणी विसरतात. त्यावर केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये एक सोपा उपाय योजला. ठरावीक वेळी घंटा वाजवावयाची आणि सर्व मुलांनी त्या वेळी पाणी प्यावयाचे. शेजारच्या कर्नाटकानेही हा उपक्रम उचलला. त्यास खर्च जवळजवळ नाही. गुरुजींनी मनावर घेतले की पुरे. वृद्धांची गोष्ट याहून निराळी आहे. वयोमानाने तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून त्यांच्या मागण्याची वाट न पाहता घरच्यांनी ठरावीक वेळी पाण्याचा पेला त्यांच्या हाती दिला पाहिजे.

पाणी शुद्ध हवे

पाणी पुरेसे असले आणि शुद्ध नसले तर ते आरोग्याऐवजी रोगच देते. गावाच्या विहिरीत व टाकीत टीसीएल पावडर योग्य प्रमाणात पडते की नाही, ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो की नाही, याची विचारणा ग्रामपंचायतीकडे करण्याचा प्रत्येक ग्रामस्थास अधिकार आहे. शंका असल्यास पाणी गाळून, चांगले उकळून प्यावे. माठ रोज घासावा, झाकून ठेवावा आणि त्यात हात न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे.

जुलाब-वांती झाल्यास पाणी बंद करण्याची समजूत प्राणघातक आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, तेव्हा शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजून असंख्य प्राण वाचविले. हीच आज घरोघरी पोहोचलेली जलसंजीवनी. आरोग्य केंद्रातील पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे आणि रुग्णास दवाखान्यात न्यावे.

काही पथ्येही सांगणे अगत्याचे आहे. सहा महिन्यांच्या आतील बालकास उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईचे दूध त्यास पुरेसे असते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच प्रमाण पाळावे. हट्टाने एकाच वेळी अनेक लिटर पाणी पिणेही धोक्याचे असते. त्यामुळे रक्तातील सोडियम घटून जीवावर बेतू शकते. उष्माघाताने शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. त्यास सावलीत आणून, अंग ओले करून, वारा घालीत विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.

पुरेसे पाणी पिण्याची सवय ज्याची त्याने लावून घ्यावयाची आहे. परंतु ती लागण्यास लागणारी साधने एकट्याने उभी राहत नाहीत. शेतमालकाने आपल्या मजुरांसाठी सावलीत पाण्याचा माठ ठेवावा आणि पाणी पिण्यासाठी दिलेली पाच मिनिटे मजुरीतून कापू नयेत. मुख्याध्यापकांनी शाळेच्या स्वच्छतागृहाचे कुलूप काढावे. ग्रामसभेने पुढील बैठकीत आपल्या गावातील पिण्याच्या पाण्याच्या चाचणीचा अहवाल मागवावा. या तीन गोष्टी येत्या उन्हाळ्यापूर्वी गावोगाव घडल्या, तर अनेक घरांतील दुखणी दारातूनच परत फिरतील.