काळ्या जमिनीतील मुळांचा कारभार



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘मुळे’ असे एका शब्दात सांगितले. त्यांना वाटले, मी दारिद्र्याची मुळे, बेकारीची मुळे अशा काही विषयावर बोलणार. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. मी पऱ्हाटीच्या, तुरीच्या, ज्वारीच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या मुळांविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीला टेकून. हमाल, जिनिंगचे कामगार आणि शेतमजूर बाया यांच्यात माझी तीस वर्षे गेली. या तिघांचीही वर्षाची भाकरी शेवटी जमिनीखाली काय घडते त्यावर अवलंबून असते. आणि नेमके तेच आपण कधी पाहत नाही. शिवारात उभे राहून आपण पाने मोजतो, बोंडे मोजतो, कणसाचा आकार पाहतो. खाली वाकून मूळ कोणी पाहत नाही.

मूळ म्हणजे झाडाला जमिनीत रोवणारी खुंटी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती किती तोकडी आहे याचा एक दाखला देतो. 1937 साली अमेरिकेतील डिटमर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने राय या धान्याचे एकच रोप चार महिने पेटीत वाढवले, माती धुऊन काढली आणि मुळे मोजली. सर्व फाटे धरून लांबी भरली सुमारे 623 किलोमीटर. त्यावरचे केसासारखे तंतू निराळे. त्यांची लांबी दहा हजार किलोमीटरांहून अधिक. एका रोपाची ही गोष्ट! एवढा पसारा झाड उगीच मांडत नाही. मातीच्या कणाकणाला भिडल्याशिवाय पाणी आणि क्षार मिळत नाहीत म्हणून मांडते.

दुसरी गोष्ट अशी की, हा पसारा कसा असावा हे बियात पुरते ठरलेले नसते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो, म्हणून पहिला मान जर्मनीला देऊ. युलियुस साक्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1872 साली एक साधा प्रयोग केला. चाळणीत ओला भुसा भरला, त्यात बी पेरले आणि चाळणी तिरपी टांगली. मुळे सरळ खाली वाढत चाळणीच्या भोकांतून बाहेर आली. खाली कोरडी हवा. तेव्हा ती मुळे तशीच खाली न लोंबता मागे वळली आणि ओल्या चाळणीला चिकटून वाढू लागली. खाली जाण्याची ओढ होतीच. पण ओलीची ओढ तिच्यावर मात करून गेली. हा प्रयोग घरात हरभऱ्यावर करून पाहण्याजोगा आहे, मुलांना दाखवावा. पुढे 1880 साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवले की, ही जाण मुळाच्या अगदी शेंड्याला असते, आणि वळण मात्र त्याच्या थोडे मागे पडते. म्हणजे कळते एका जागी, वळते दुसऱ्या जागी. आमच्या संघटनेतही कधीकधी असेच घडते, पण तो विषय आजचा नव्हे.

आता आपल्या काळ्या जमिनीकडे येऊ. हिच्यात अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक भाग चिकणमातीचा असतो. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भेग पडताना त्या जागची बारीक मुळे ताणून तुटतात. आणि जे मूळ भेगेत उघडे पडते त्याच्याभोवती माती नाही, ओल नाही, नुसती हवा. असे मूळ काय करते? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, मुळाच्या ज्या अंगाला ओल लागते त्याच अंगाला ते फाटे फोडते. कोरडे अंग तसेच राहते. 2022 साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठात पूनम मेहरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचे दाखवले. मूळ पोकळीत आले की त्यातील पाण्याचा प्रवाह बदलतो, त्याबरोबर ॲबसिसिक आम्ल नावाचे द्रव्य मुळाच्या बाहेरच्या थरांकडे वाहत येते आणि फाटे फोडण्याचा निरोप अडवते. मूळ पुन्हा ओल्या मातीत शिरले की फाटे सुरू. जिथे मिळकत नाही तिथे खर्च नाही, असा हा हिशेब आहे.

टंचाईतला हिशेबही असाच. पाणी कमी पडू लागले की झाड वरची वाढ आखडते आणि अन्नाचा मोठा वाटा मुळांकडे धाडते. वाळत्या मातीतली मुळे वर पानांना इशारा देतात आणि पानांची सूक्ष्म तोंडे मिटतात. आपली रब्बी ज्वारी तर साठलेल्या ओलीवरच पिकते. ज्वारीचे बी रुजताना आरंभी एकच मूळ सोडते. ताट धरून ठेवणारी बाकीची मुळे नंतर खोडाच्या बुडाशी फुटतात. पण वरचा थर कोरडा ठणठणीत असेल तर ही नंतरची मुळे मातीत शिरू शकत नाहीत. मग खाली भरपूर ओल असूनही ज्वारी खुजी राहते. पेरणीला चार दिवस उशीर झाला तर जुनी माणसे हळहळतात, त्याचे एक कारण हे आहे.

ओलीइतकाच मुळाला घट्टपणाशी सामना करावा लागतो, आणि इथे माझ्या कामाचा संबंध येतो. माघ-फाल्गुनात पऱ्हाट्या उपटण्याचे काम निघते. ते बहुधा गुत्त्याने दिले जाते. एकरी दरावरून दरसाल घासाघीस होते आणि ती मिटवायला मला बोलावतात. एका गावी मालक म्हणे, “दोन्ही शेतं माझीच, दर एकच.” बाया म्हणत, “दादा, नाल्याकडच्या शेताला जादा पाहिजेत. तिथली पऱ्हाटी चिमट्यालाबी ऐकत नाही.” मी दोन्ही शेतांतली पाच-पाच झाडे उपटून बांधावर मांडायला सांगितली. नाल्याकडच्या शेतातले सोटमूळ पराणीसारखे सरळ, हातभर जाऊन तुटलेले. त्याचा शेंडा अजून खालीच राहिला होता. दुसऱ्या शेतातले मूळ वीतभर खोल गेले होते आणि तिथून काटकोनात वळून आडवे पळाले होते. ते सहज निघत होते. मालकाला विचारले, कापूस कुठे जास्त झाला? अर्थातच नाल्याकडे. म्हणजे कापूस हवा खोल मुळाचा आणि उपटणीचा दर द्यायचा उथळ मुळाचा! मालकही हसले आणि दर वाढला.

पण ते काटकोनात वळलेले मूळ माझ्या डोक्यातून जाईना. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर चालला, ओल्या रानात ट्रॅक्टरची जड चाके फिरली, की फाळाखाली मातीचा एक घट्ट थर तयार होतो. मुळाला तो भेदण्याची ताकद नसते म्हणून ते वळते, असे मी समजत होतो आणि बहुतेक शास्त्रज्ञही तसेच समजत होते. 2021 साली नॉटिंगहॅममध्येच बिपिन पांडे, माल्कम बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळे कारण दाखवून दिले. मूळ इथिलीन नावाचा वायू सोडत असते. भुसभुशीत मातीत तो कणांमधल्या फटींतून निघून जातो. घट्ट मातीत फटीच नसतात. वायू मुळाभोवती कोंडतो, आणि कोंडला की मुळाची लांबी खुंटते व ते जाड होते. ज्या रोपांना हा वायू जाणवतच नाही अशी रोपे त्यांनी घेतली, तर त्यांची मुळे घट्ट मातीतूनही पार गेली. तेव्हा मूळ नुसते अडत नाही, ते स्वतःहून थांबते. यावरून पुढे बियाणे सुधारता येईल. तोवर ओल्या रानात जड यंत्र घालू नये आणि काही वर्षांनी एकदा खोल नांगरट करावी, एवढे तर आपल्या हाती आहे.

आता अतिपाण्याविषयी. सप्टेंबर 2024 च्या आरंभी परभणी, हिंगोली आणि नांदेड भागात अतिवृष्टी झाली. शेतांत पाणी उभे राहिले. ते ओसरले तेव्हा कपाशी हिरवी होती. मग कडक ऊन पडले आणि एकदोन दिवसांत ठिकठिकाणी उभी झाडे माना टाकून बसली. याला आकस्मिक मर म्हणतात. पाण्यात उभे असलेले झाड तहानेने मरते, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण मुळालाही श्वास लागतो. मातीतली हवा पाण्याने हुसकली की प्राणवायू मुळापर्यंत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो. गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. वर पाने मात्र उन्हात पाणी उडवीतच असतात. भाताच्या मुळांत हवा खेळवणाऱ्या नळ्या असतात. आपल्या कपाशीला आणि तुरीला तशी सोय फारशी नाही.

त्या वर्षी पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागत असे. पण मुळाचा मृत्यू आधी होतो आणि पानाला तो मागाहून कळतो. पाहणीला आलेला माणूस हिरवी पाने पाहून जातो. माझे म्हणणे असे की, त्याने चार झाडे उपटून पाहावीत. निरोगी मूळ पांढरे, टणक असते. गुदमरलेले तपकिरी पडते, साल हाताला सुटते. हे ओळखायला पदवी लागत नाही. आमच्या कोणत्याही खुरपणाऱ्या बाईला विचारा. शिवाय पंचनाम्यात वेचणारीचे नाव कुठेच नसते. वेचणीची मजुरी किलोवर. बोंडेच आली नाहीत तर तिचा हंगाम गेला. शेतकऱ्याला उशिरा का होईना काहीतरी मिळते. तिला काय मिळते, हे या सभेतल्या कोणाला ठाऊक असेल तर मला सांगावे.

अशा जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने 1970 नंतरच्या दशकात ती काळ्या जमिनीसाठी विकसित केली आणि आपले कृषी विद्यापीठही तिचा प्रसार करते. जादा पाणी सरीतून निघून जाते, वरंब्यातली मुळे श्वास घेत राहतात, आणि पावसाने ताण दिला तर मुरलेली ओल कामी येते. पेरणीयंत्र भाड्याने मिळण्याची सोय मात्र गावोगावी पाहिजे.

सगळाच भार परिस्थितीवर टाकून भागत नाही, वाणाचाही वाटा असतो. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने बिहारमधील पुसा येथे जवसाची मुळे तपासली. गंगेच्या गाळवट जमिनीतल्या जवसाची मुळे वरच्या थरात पसरणारी, तर आपल्याकडील काळ्या जमिनीतल्या जवसाची खोल जाणारी आढळली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत बी टिकले, त्या मातीचे वळण त्याच्या रक्तात उतरले, असे म्हणायला हरकत नाही. परभणीला 1918 साली, निजामी अमदानीत, प्रायोगिक शेत निघाले; 1972 साली कृषी विद्यापीठ झाले. आपल्या गावरानी कापसाचे काम या संस्थांनी सोडले नाही, लांब धाग्याचे देशी वाण काढले. देशी कपाशीचे सोटमूळ खोल जाते आणि ती ताण सोसते. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर शिवारे अमेरिकन संकरित कपाशीने भरली. मी बीटीविरुद्ध भाषण करायला उभा नाही. बोंडअळीने लोक किती गांजले होते ते मी पाहिले आहे. पण कोरडवाहू, मुरमाड रानासाठी बियाणे निवडताना मुळाची चौकशी कोणी केली नाही, हे खरे आहे.

मूळ नुसते शोधत नाही, मातीत बदलही घडवते. 1990 साली इक्रिसॅटमधील संशोधकांनी दाखवले की, तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडतात आणि लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा करून घेतात. हा लाभ तांबड्या जमिनीतला. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधलेला असतो. तिथे हरभऱ्याच्या मुळातले सायट्रिक आम्ल उपयोगी पडते. तेव्हा आंध्रातला अनुभव ऐकून परभणीत जसाच्या तसा लावू नये. आधी माती पाहावी.

आता कालव्याच्या पाण्याविषयी थोडे. जायकवाडीचा डावा कालवा आणि येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी यांनी आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग भिजतो. त्याबद्दल तक्रार कोण करील? पण वरच्यावर थोडे थोडे पाणी मिळत गेले तर मुळांना खोल जाण्याचे कारण उरत नाही. ती वरच्या वीतभर थरात जमतात. मग आवर्तन आठवडाभर लांबले की ते पीक शेजारच्या कोरडवाहू पिकाच्या आधी सुकते. आणि बेसुमार पाण्याने निचरा बिघडला तर जमीन चिबड होते, क्षार वर येतात आणि मुळांचे सगळेच मार्ग बंद होतात.

माझी सूचना लहान आहे. दरवर्षी पऱ्हाट्या निघण्याच्या दिवसांत विद्यापीठाने प्रत्येक तालुक्यात दोनचार शेतांत पुरुषभर खोल चर खणावेत, आणि शेतकऱ्यांबरोबर मजुरांनाही, विशेषतः बायांना, त्या दिवसाची मजुरी देऊन बोलवावे. चर खणायला माणसे आम्ही देऊ. दर मात्र आधी ठरवावा लागेल. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा इथेच थांबतो. बाहेर ओसरीवर मी चार पऱ्हाट्या मुळांसकट आणून ठेवल्या आहेत; जाताना पाहून जावे.