‘आनंदघन’ आणि आपल्या ओव्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दर वर्षी एका भगिनीने दहा मिनिटे बोलावे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठमोठ्या ग्रंथांतले दाखले माझ्याकडून मिळायचे नाहीत. पण भाकरी थापताना जन्मभर गाणी ऐकत आलेल्या बाईला गाण्याबद्दल चार शब्द बोलण्याचा हक्क असावा, असे मला वाटते. म्हणून मी लताबाई मंगेशकरांचा विषय घेतला आहे.

त्यांच्या गळ्याविषयी मी काही सांगणे म्हणजे सूर्याला निरांजन ओवाळणे होय. मला सांगायचे आहे ते निराळेच. गायिका म्हणून नाव होण्यापूर्वी लताबाई सिनेमात लहानसहान कामे करणारी नटी होत्या, आणि नाव झाल्यावर त्या गाण्यांना चाली बांधणाऱ्या झाल्या; त्याही स्वतःच्या नावाने नव्हे, दुसऱ्याच नावाने. ही हकीकत पुष्कळांनी अर्धीमुर्धी ऐकलेली असते. आपण आज ती सबंध पाहू.

लताबाईंचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरला झाला. वडील मास्टर दीनानाथ हे नामांकित गायक नट, स्वतःच्या नाटक मंडळीचे मालक. पण पुढे मंडळी बुडाली, दिवस फिरले, आणि 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात दीनानाथ वारले. लताला तेव्हा तेरावे वर्ष चालू होते. पाठीवर मीना, आशा, उषा आणि चार वर्षांचा हृदयनाथ. भगिनींनो, घरातला कर्ता गेल्यावर थोरल्या लेकीचे काय होते, ते तुम्हा-आम्हांला कोणी शिकवायला नको. तिचे बालपण त्याच दिवशी संपते.

दीनानाथांचे स्नेही मास्टर विनायक यांनी या कुटुंबाला हात दिला. त्यांच्याकडे लताला सिनेमात कामे मिळू लागली. 1942 साली ‘पहिली मंगळागौर’, 1943 साली ‘माझे बाळ’, 1944 साली ‘गजाभाऊ’, 1945 साली ‘बडी माँ’, 1946 साली ‘सुभद्रा’. नायिका दुसऱ्याच असत. लताच्या वाट्याला दुय्यम कामे येत, आणि मधून एखादे गाणे. तोंडाला रंग फासून त्या कडक दिव्यांखाली उभे राहणे आपल्याला कधीच आवडले नाही, असे लताबाईंनी पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले. पण आवडत नाही म्हणून काम सोडावे, ही चैन ज्याच्या घरी दाणा आहे त्याची. घरी चार भावंडे होती. ती मुलगी उभी राहिली. ऑगस्ट 1947 मध्ये मास्टर विनायकही वारले. पुढे पडद्यामागून गाण्याची कामे मिळू लागली, तसे नटीचे काम मागे पडत गेले.

आता नावाची गोष्ट ऐका. 1949 साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातले गाणे घरोघर पोहोचले. पण तबकडीवर गाणारणीचे नाव होते ‘कामिनी’! कामिनी म्हणजे पडद्यावरच्या नायिकेच्या भूमिकेचे नाव. गळा एकीचा, चेहरा दुसरीचा आणि नाव जी जगात नाहीच अशा तिसरीचे. ही गाते तरी कोण, अशी विचारणा ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले.

पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीतकारांना फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. समारंभात त्यातले गाणे गाण्यास लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला नाही. मग गाणाऱ्याने का गावे, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर 1959 सालापासून पार्श्वगायनालाही पुरस्कार देऊ लागले, आणि पहिला मिळाला तो लताबाईंनाच. कामाला नाव मिळावे म्हणून ही बाई अशी कमरेला पदर खोचून उभी राहिली होती.

आणि याच बाईने काही वर्षांनी आपले नाव आपल्या हाताने झाकून ठेवले!

1950 साली ‘राम राम पाव्हणं’ या चित्रपटाला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिले होते. त्यानंतर बरीच वर्षे चाली बांधण्याचे काम त्यांनी केले नाही. मग ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964), ‘साधी माणसं’ (1965) आणि ‘तांबडी माती’ (1969) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत आले ते ‘आनंदघन’ यांचे. आनंदघन म्हणजे आनंदाचा ढग. हे आनंदघन म्हणजे लताबाईच, हे पुष्कळ ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी शाळेच्या संमेलनात आपल्या पोरींनी किती वेळा नाचली असेल! चोळीवरच्या कशिद्याचे ते गाणे. शब्द शांताबाई शेळक्यांचे, गळा आशाबाईंचा आणि चाल आनंदघनांची. म्हणजे लिहिणारी बाई, गाणारी बाई आणि चाल बांधणारीही बाईच. तसेच ‘ऐरणीच्या देवा’. शब्द जगदीश खेबुडकरांचे. लोहार नवराबायकोच्या कष्टाचे ते गाणे. ऐकताना भात्याचा श्वास ऐकू येतो आणि घणाचा ठोकाही. तरी मन देवापुढे बसल्यासारखे शांत होते. ज्या मुलीने तेराव्या वर्षी घराचा भार उचलला, तिला घामाची चाल कशी असते ते माहीत होते, असे आपले मला वाटते.

‘साधी माणसं’ला राज्य सरकारचे पुरस्कार मिळाले. त्यांत उत्कृष्ट संगीताचा पुरस्कार आनंदघनांना होता. समारंभात आनंदघनांचे नाव पुकारले, पण कोणी उठेना. लताबाई आपल्या जागी गप्प बसून राहिल्या. शेवटी आनंदघन इथेच बसले आहेत, त्या लताबाईच, असे जाहीर करण्यात आले, तेव्हा त्या उठल्या.

लोक याला विनय म्हणतात. विनय होताच, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चाल माझ्या नावाच्या आधाराने चालू नये, स्वतःच्या पायांनी चालावी, असे त्यांना वाटले असावे. ही मोठी हिंमत आहे. मात्र भगिनींनो, नाव लपवायला आधी नाव असावे लागते. लताबाईंनी झाकले आणि वेळ आली तेव्हा उघडले. झाकणे आणि उघडणे दोन्ही त्यांच्या हातात होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात काय होते?

आपण उखाणा घालतो तेव्हा नाव घेतो नवऱ्याचे. लग्नात पुष्कळजणींचे माहेरचे नावसुद्धा बदलते. पहाटे जात्यावर बसून आपल्या आज्यांनी ओव्या रचल्या. त्यांत भावाचे नाव आले, लेकाचे आले, माहेरच्या गावाचे आले, विठ्ठलाचे तर आलेच. नाही आले ते रचणारीचे. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा, आणि वर दळणही तिचेच!

असे म्हणू नये की आपल्या मुलखात बाईने नाव घातलेच नाही. नामदेव महाराजांची नर्सी आपल्या हिंगोली जिल्ह्यातली. त्यांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईने आपल्या अभंगांत स्वतःचे नाव घातले. म्हणून सातशे वर्षांनंतर आपण तिला नावाने ओळखतो. तिच्यासारख्या दळणाऱ्या हजारो होत्या. त्यांची गाणी वाऱ्यावर गेली.

कोणी म्हणेल, ओवी सर्वांची असते, तिला नाव कशाला? पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या सोबतिणींना घेऊन गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गावही लिहून ठेवले. त्याने ओवीचे काही कमी झाले नाही. उलट ती कोणत्या उंबऱ्यातून निघाली ते कळले.

आपल्याकडे आता जाते निघते ते लग्नाची हळद दळण्यापुरते. आपला जिल्हा हळदीचा. हळदीची गाणी अजून आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. पण किती दिवस? लग्नघरी मोठा आवाज लागतो आणि म्हातारीची ओवी त्यात बुडून जाते. पुढची हळद दळायला ती असेलच, असे कोणी सांगावे?

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदा हळदीकुंकवाच्या वाणातले थोडे पैसे वाचवून एक जाडसर वही घ्यावी. प्रत्येकीने आपल्या सासूच्या, आईच्या किंवा शेजारच्या आजीच्या दहा ओव्या तरी त्यात लिहाव्यात. जिला लिहिता येत नाही तिने सांगाव्यात, मी लिहून घेईन; सातवीची अक्षरे तेवढ्या कामाला पुरतील. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी चालही भरून घ्यावी, कारण चाल वहीत मावत नाही. आणि प्रत्येक ओवीखाली त्या बाईचे नाव, सासरचे गाव आणि माहेरचे गाव असावे. एखादी म्हणाली, माझे नाव नको, तर तिचे ऐकावे. पण आधी तिला विचारावे तरी!

लताबाई 6 फेब्रुवारी 2022 रोजी गेल्या. त्यांची गाणी राहतील, त्यांची काळजी आपण करायला नको. काळजी करायची ती आपल्या घरातल्या आनंदघनांची. त्या आपल्याच ओसरीवर, भिंतीला टेकून बसल्या आहेत. त्यांचे नाव अजून कोणी पुकारलेले नाही.

 वही मी उद्याच आणणार आहे.